एकच भिंग, पण कोणते?



प्रवासाला एकच भिंग न्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न आम्ही दुकानात सोडवीत नाही. माहुलच्या खाडीवर सोडवितो. तेथे कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्या आहेत, चिखलात टेकलेल्या होड्या आहेत, १९५५ साली सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याची धुरांडी आहेत आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ओहोटीच्या चिखलात चरणारे रोहित पक्षीही आहेत.

गल्लीला रुंद नजरेचे भिंग हवे, पक्ष्याला लांब पल्ल्याचे. गल्लीत मागे सरकावयास जागा नाही. चिखल पुढे जाऊ देत नाही. दोन भिंगे बदलीत बसावे तर खारा वारा आणि धूळ कॅमेऱ्याच्या पोटात शिरते. म्हणून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ ते १३५ मिलिमीटरचे झूम भिंग आम्ही पसंत करतो. १८ वर गल्ली मावते. १३५ वर होडीतल्या कोळ्याचा चेहरा मिळतो.

त्याची उणीवही सांगितली पाहिजे. लांब टोकाला त्याचे छिद्र बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते, एफ २.८ च्या मानाने चौथाईच प्रकाश आत येतो, आणि सांजवेळी तो अपुरा पडतो. शिवाय दूरचा पक्षी चौकटभर येत नाही. त्याला ४०० मिलिमीटरही कधी कमी पडतात.

न येवो! एकटा पक्षी कोणत्याही खाडीवरचा असू शकेल. थवा, चिखल, तिवरे आणि धुरांडी एका चौकटीत आली, की ते चित्र माहुलचे होते. प्रवाशाने भिंग निवडावे ते गाव दाखविणारे. एवढेच आमचे सांगणे.