पाहुणचारातली तंबाखू



व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता, गांजाची चिलीम किंवा शहरातले गर्दचे अड्डे येतात. त्यांचा धोका लहान नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा घेणारे सुमारे ३ कोटी निघाले. गर्दच्या विळख्यातून तरुणांना सोडविण्यासाठी १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यास 'मुक्तांगण' सुरू केले. परंतु त्या पाहणीत तंबाखू धरलेलीच नव्हती. तिची मोजदाद निराळी होते. आपणही तिला व्यसनांत धरीत नाही. म्हणून आज तिच्याचविषयी आम्ही बोलणार आहोत.

देवगाव फाट्यावर घटकाभर उभे राहून पाहावे. सेलूकडे, जिंतूरकडे, मंठ्याकडे जाणारी माणसे एसटीची वाट पाहत असतात. ओळखदेख नसली तरी एक जण पुडी पुढे करतो, दुसरा चुना देतो आणि गप्पा सुरू होतात. दारू माणूस लपून पितो. तंबाखू मात्र तो मोकळ्या मनाने वाटतो. तिचे खरे बळ ह्या दिलदारपणात आहे.

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील दर १०० प्रौढांमागे जवळजवळ २७ जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत ओढणारे चारच्या आत, तर खाणारे किंवा दातांना लावणारे २४. विडीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या घरातही मशेरीची डबी असतेच!

आता हे विष काम कसे करते ते पाहू. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. क्षणभर तरतरी वाटते. ती ओसरली की बेचैनी येते, आणि तिच्यावर उतारा म्हणून पुन्हा चिमूट! गुटख्यात सुपारीची भर पडते. सुपारीने गाल आतून ताठरतात, तोंड पुरते उघडेनासे होते, भाकरीचा घासही जाईना होतो. पुढे कित्येकांच्या वाट्यास कर्करोग येतो.

कायदे नाहीत असे नव्हे. जहांगीर बादशहाने १६१७ साली तंबाखूबंदीचे फर्मान काढले होते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास मनाई केली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली. पण कायद्याचा हात दुकानापर्यंत पोचतो. आपल्या ओसरीवर तो यायचा कसा? तेथे आपणच उभे राहिले पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. लहान मुलाला पुडी आणावयास धाडू नये. लग्नकार्यात पानाच्या तबकात तंबाखू ठेवू नये. आणि सोडू पाहणाऱ्याची थट्टा करू नये. पहिले काही दिवस त्याची चिडचिड होते, झोप उडते. अशा वेळी 'एका चिमटीने काय होते?' असे म्हणणारा मित्र त्याचा घातच करतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी आहे. त्यावर पैसे पडत नाहीत.

पाहुण्याला पाणी द्यावे, गूळ द्यावा, चहा द्यावा. पुडी मात्र पुढे करू नये.