पटावरून गळालेली मुले



मी 31 वर्षे शिक्षकाचे काम केले. या काळात माझ्या हाताखालून किती मुले उत्तीर्ण झाली हे मला सांगता येईल. किती मुलांची नावे मी स्वतःच्या हाताने पटावरून कमी केली, हे मात्र मी कधी मोजले नाही. आज बोलावयाचे आहे ते त्या न मोजलेल्या मुलांविषयी.

इटलीच्या तस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लोच्या डोंगराळ भागात बार्बियाना नावाची एक विखुरलेली वस्ती आहे. 1954 च्या डिसेंबरात लोरेंझो मिलानी नावाचे एक तरुण धर्मगुरू तेथे आले. वरिष्ठांची मर्जी गेल्यामुळे त्यांना या आडबाजूस धाडण्यात आले होते. शेतकरी व मेंढपाळ यांची मुले शाळेत नापास होत आणि बारा-चौदाव्या वर्षी शेतात किंवा कारखान्यात जात. या मुलांसाठी मिलानींनी चर्चला लागून असलेल्या घरात शाळा सुरू केली.

ही शाळा दिवसभर चाले, रविवारीही चाले. तेथे गुण नव्हते व कोणी नापास होत नसे. मोठा मुलगा धाकट्यास शिकवी. रोज वृत्तपत्र वाचले जाई व अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लागेपर्यंत कोणी पुढे जात नसे. गरिबाला दुबळे करते ते भाषेचे दारिद्र्य, असे मिलानींचे मत होते. लेखनही सामुदायिक असे: प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर विचार लिहावेत, मग त्या एकत्र करून लावाव्यात व अनावश्यक ते गाळावे. याच रीतीने आठ मुलांनी एका शिक्षिकेस उद्देशून लिहिलेले पत्र 1967 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. शाळा कोणाला गाळते, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या 44 व्या वर्षी, मिलानी वारले आणि शाळाही फार काळ टिकली नाही.

या शाळेत दोष नव्हते असे नाही. शिस्त कडक होती, खेळाला जवळजवळ स्थान नव्हते, आणि सारा भार एका व्यक्तीवर होता. म्हणूनच अशा कार्याला संस्थेचा आधार हवा. आपल्याकडे 1979 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त विद्यालयाचा प्रयोग आरंभिला. 1989 मध्ये त्यातून राष्ट्रीय मुक्त विद्यालय उभे राहिले. सुटलेल्या मुलास परीक्षेचे दार पुन्हा उघडे झाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली म्हणजे शेजारी बसून शिकविणारा माणूस मिळाला, असे होत नाही.

2009 च्या कायद्याने आठवीपर्यंत मुलास मागे ठेवण्यास मनाई केली होती. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत ती मोकळीक पुन्हा दिली. तेव्हा प्रश्न पुन्हा आपल्या दारी आला आहे.

नववीत दोनदा नापास झालेल्या एका मुलाचे नाव मी कमी केले होते. काही वर्षांनी तो मला पाण्याचे पंप दुरुस्त करताना भेटला. कागदाच्या कपट्यावर त्याने भराभर मापे मांडली होती, आणि ती अचूक होती. त्याने मला नमस्कार केला, बसावयास खुर्ची दिली. तो नमस्कार मला आजही बोचतो.

मित्रहो, नाव कमी करावयास एक रेघ पुरते. ती ओढण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन यावे, एवढीच माझी विनंती आहे.