रोग्याची बोली आणि परिचारिकेची वही



जिनिंगमधल्या कामगारांचा आणि मोंढ्यातल्या हमालांचा कार्यकर्ता आज परिचारिकांच्या अभ्यासावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. पण आमच्या कामगारांच्या मुली आता नर्सिंगला जातात, आणि त्यांची इंग्रजी पुस्तके घेऊन संध्याकाळी युनियनच्या कचेरीत बसतात. त्यांच्याबरोबर मीही बसतो.

या बसण्याला एक कारण घडले. आमची एक सरकी वेचणारी बाई तापाने फणफणली होती. मी तिला एका दवाखान्यात नेले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या शिकाऊ मुलीने विचारले, ‘काय होतंय?’ बाई म्हणाली, ‘उन्हाळी लागलीय, माय.’ मुलगी शहरात वाढलेली, दिवस मे महिन्याचे. तिने कागदावर लिहिले, उन्हाचा त्रास. आता उन्हाळी लागणे म्हणजे लघवीला आग होणे, हे इथे बसलेल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. त्या मुलीला नव्हते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मलाही कागदावर काय लिहिले गेले ते कळले नाही. दोन दिवस बाई मीठ-साखरेचे पाणी पीत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली, कुशीत कळा येऊ लागल्या. दोष मूत्रपिंडापर्यंत चढला होता. बाई वाचली. पण तिचे तीन आठवडे बुडाले, आणि रोजंदारीवरच्या बाईचे तीन आठवडे म्हणजे काय, हे मी आपणांस सांगायला नको.

रोग्याची तपासणी पुस्तकात चार पायऱ्यांची दिली आहे: पाहणे, चाचपणे, बोटाने ठोकणे, नळीने ऐकणे. पोटाच्या बाबतीत मात्र क्रम बदलतो. तिथे आधी पाहायचे, मग ऐकायचे, आणि हात त्यानंतर लावायचा. कारण हाताने दाबले की आतड्यांचे आवाज बदलू शकतात. मुलींना हे पाठ होत नव्हते. एका मुलीच्या आईने ते सोडवले. ती म्हणाली, ‘झोपलेल्या लेकराला आधी हलवून मग झोपलंय का विचारायचं का?’ त्यानंतर कोणी चुकले नाही. ठोकण्याची विद्या ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने 1761 साली पुस्तकात मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून ओळखतात, हे त्याने घरीच पाहिले असावे असे म्हणतात. आपल्या बायका बाजारात माठ वाजवून घेतात, ती हीच परीक्षा.

या चारही पायऱ्यांच्या आधी विचारणे येते, आणि घोडे तिथेच अडते. वेदना कशी विचारावी यासाठी इंग्रजी पुस्तकात इंग्रजी अक्षरांची एक साखळी दिलेली असते. मुली ती घोकतात आणि रोग्यासमोर विसरतात. आम्ही बसून मराठीत जुळवायला घेतले, तर सगळे प्रश्न आपणहून ‘क’वर आले: कुठे दुखते, कधीपासून, कसे, किती, कशाने वाढते वा उतरते, आणि कुठवर पसरते. सहा क. यात आमची हुशारी काही नाही, मराठीचे प्रश्न मुळात ‘क’नेच सुरू होतात.

‘कसे’ या प्रश्नाच्या उत्तरांसाठी एक वेगळी वहीच करावी लागली. ठणकते, ठसठसते, टोचते, चमक निघते, कळ मारते, रग लागते, मुरडा येतो, कालवते, जळजळते, भणभणते. इंग्रजीच्या धाकाने या सगळ्यांचे ‘पेन’ एवढेच होते. छातीत ‘भरून आल्यासारखं’ वाटणारा माणूस दुखते का विचारल्यावर नाही म्हणतो. आणि तो खोटे बोलत नसतो. त्याला घाम सुटला आहे का, हात भरून येतो का, हे विचारल्याशिवाय त्याला घरी पाठवता येत नाही.

आता एक कडू गोष्ट. एका वॉर्डात मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होतो. आठ रोगी, आणि आठांचेही श्वास मिनिटाला 20. मी आयुष्यभर खोटी मस्टरे पकडली आहेत. एका बैठकीत, एका शाईने महिन्याची हजेरी भरलेली मला लांबून ओळखू येते. हे तसेच होते. तिथल्या सिस्टरला मी दोष देत नाही. रात्रपाळीला एकटीवर चाळीस खाटा टाकणारा दोषी, आणि त्याच्याशी भांडण्याची जागा वेगळी. पण प्रकृती ढासळू लागली की श्वासाचा वेग पुष्कळदा इतर खुणांच्या आधी वाढतो; तो अंदाजाने लिहिला तर इशाराच हरवतो. मुलींना मी एवढेच सांगतो: पूर्ण एक मिनिट मोजा, आणि रोग्याला कळू देऊ नका. नाडी धरून ठेवल्यासारखे मनगट धरावे आणि डोळा छातीवर ठेवावा. कोणी मोजते आहे असे कळले की माणसाचा श्वास बदलतो.

ज्यांना साठपर्यंत मोजताच येत नाही, त्यांनी काय करायचे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीत निघाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांसाठी आणि सुइणींसाठी एक साधन केले: एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलो, तर लेकराला न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60, त्यापुढे वर्षापर्यंत 50 ही मर्यादा. ज्याला दहा येतात त्याला हे येते. मोठमोठ्या पुस्तकांपेक्षा मला या मण्यांचे मोल अधिक वाटते. आमच्या कचेरीतही मुलींनी सुतळीत मणी ओवून तसे एक केले आहे.

आमची ती शब्दांची वही मी आज बरोबर आणली आहे. परभणी, पाथरी, गंगाखेडकडचे शब्द तिच्यात बरेच जमले. बायकांच्या दुखण्यांचे शब्द कमी आहेत, कारण लिहायला मी बसलो की त्या बोलत नाहीत. ते पान आता मुलींकडे सोपवले आहे. जिंतूरकडच्या तांड्यांवरची गोरमाटी बोली आणि आपल्या मोहल्ल्यांतली दखनी, यांची पाने अजून कोरी आहेत. ज्यांना ती बोली येते त्यांनी व्याख्यान संपल्यावर कृपा करून पाच मिनिटे थांबावे. वही त्या खांबाजवळच्या टेबलावर ठेवतो. पेन्सिल दोरीला बांधली आहे.