सहाव्या वर्षाची दाढ
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विषय दाताएवढाच लहान आहे. परंतु त्याची उपेक्षा किती महाग पडते, हे आम्ही घरच्याच अनुभवाने जाणतो.

आमची पुतणी सात वर्षांची असता तिच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसू लागला. वहिनींनी विचारले, तेव्हा आम्ही दवाखान्यात जाण्याच्या घाईत होतो. "दुधाची असेल, पडेल आपोआप," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. दोन वर्षांनी मुलीचा गाल सुजला. पाहतो तो दाढ दुधाची नव्हतीच! ती काढावी लागली. दंतवैद्याच्या घरी हे घडावे, याची खंत आम्हांस आजही आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ निमूटपणे उगवते. दात पडलेला नसल्याने आईबापांस ती दुधाचीच वाटते. वस्तुतः ती जन्माची सोबतीण असते. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात व अन्न तेथेच अडकते.

दातावरील चकचकीत कवचास दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. परंतु हाड मोडले तर सांधते, तसे दंतवल्काचे नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. गोड खाण्यापासून तोंडातील जंतू आम्ल तयार करतात व ते आम्ल कवचातील खनिज विरघळविते. आरंभी केवळ पांढरट डाग दिसतो. या अवस्थेत लाळेतील खनिजे आणि फ्लोराईड यांच्या साह्याने ती झीज भरून येऊ शकते. एकदा खड्डा पडला म्हणजे मात्र तो भरावाच लागतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या दातांत 'चांदी' भरलेली आपण पाहिली असेल. तीत पारा असतो, व ती टिकावी म्हणून दात बराच कोरावा लागे. 1969 च्या सुमारास लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी एक निराळे सिमेंट सिद्ध केले. त्यास ग्लास आयोनोमर म्हणतात. फ्लोराईडयुक्त काचेची बारीक पूड एका सौम्य आम्लाच्या द्रवात कालवितात. आम्ल काचेच्या कणांवर काम करते आणि काही मिनिटांत मिश्रण घट्ट होते. त्याचे दोन गुण विशेष आहेत. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक रीत्या चिकटते, म्हणून निरोगी भाग फारसा कोरावा लागत नाही. शिवाय त्यातून फ्लोराईड हळूहळू पाझरते. आरंभी अधिक, पुढे कमी.

1980 नंतरच्या दशकात टांझानियात विजेवाचून, केवळ हाताच्या अवजारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत रूढ करण्यात आली. तिला हेच सिमेंट उपयोगी पडले. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. नुकत्याच उगवलेल्या दाढेच्या चिरा बुजविण्यासही ते चालते. आमच्या पुतणीस हेच हवे होते.

तथापि अतिशयोक्ती नको. हे सिमेंट म्हणजे नवे दंतवल्क नव्हे. चावण्याच्या जोराने ते झिजते; मोठ्या खड्ड्यास दुसरे साहित्य लागते. तसेच फ्लोराईड हे मिठासारखे, प्रमाणातच हितकर. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातच ते अधिक असल्याने मुलांचे दात डागाळतात. दात भरण्याच्या सिमेंटातून पाझरणारा अंश मात्र अत्यल्प असतो.

भगिनींनो, आपणांकडे आमचे एकच मागणे आहे. घरातील मूल सहा वर्षांचे झाले, की त्याला उजेडात उभे करून तोंड उघडावयास सांगा आणि दाढा मोजा. प्रत्येक बाजूस, वर व खाली, मागून पुढे तिसरी दाढ दिसली, तर सर्वांत मागची ती कायमची समजा. तिच्यावर डाग दिसला तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या. "दुधाची आहे, पडेल" हे वाक्य, निदान तोंड पाहिल्याखेरीज, उच्चारू नका. आम्ही ते एकदा उच्चारले आहे.