शिडीची पहिली पायरी

टेनिस म्हटले की सर्वसामान्य रसिकाच्या डोळ्यांपुढे विंबल्डनची हिरवळ उभी राहते. परंतु त्या हिरवळीकडे जाणारी वाट जेथून सुरू होते, तेथे बहुधा ना हिरवळ असते, ना प्रेक्षक. एखाद्या लहान शहरातील क्लबाची चारसहा कोर्टे, कुंपणापाशी उभे असलेले दोनतीन स्नेही, आणि स्वतःच वाकून चेंडू वेचणारे खेळाडू, असा तेथला थाट असतो. पात्रता फेरीत तर चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हेही पुष्कळदा खेळाडूंनीच प्रामाणिकपणे सांगावयाचे असते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या व्यावसायिक स्पर्धांची ही सर्वांत खालची पायरी होय.

या पायरीवरील पुरुषांच्या स्पर्धेत एकेरी व दुहेरी मिळून एकूण बक्षीस १५,००० डॉलरांचे. त्यातून एकेरीच्या विजेत्यास दोन हजारांहून थोडे अधिक मिळतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम दीडशे. विमानाचे भाडे, मुक्कामाचा खर्च आणि रॅकेटच्या तारा यांचा हिशेब मांडला, तर बहुतेकांचा आठवडा तोट्यातच जावयाचा. खरी कमाई असते ती गुणांची. विजेत्यास १५ गुण आणि मुख्य फेरीत एकच सामना जिंकणाऱ्यास अवघा एक. पण त्या एका गुणाने खेळाडूचे नाव जागतिक क्रमवारीत प्रथमच छापले जाते.

या कोर्टांवर उन्हाळ्यात आणि शरदात अमेरिकन विद्यापीठांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने उतरतात. जानेवारीपासून मेपर्यंत ते विद्यापीठासाठी खेळतात. तेथे टेनिस हा सांघिक खेळ होतो. सहा एकेरी व तीन दुहेरी सामने, सात गुणांची लढत, शेजारच्या कोर्टावरून ओरडून धीर देणारे सोबती, पाठीशी शिक्षक आणि प्रवासखर्चाची विवंचना नाही. तोच तरुण जूनमध्ये परक्या गावी एकटा उभा राहतो, तेव्हा हाक मारावयास कोणी नसते. खेळ तोच, मात्र मनाची परीक्षा निराळी.

आणखी एक अडचण दीर्घ काळ त्याच्या वाटेत होती. महाविद्यालयीन क्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम असा होता, की विद्यार्थ्याने हौशी राहावयाचे. जिंकलेल्या बक्षिसातून खर्चापुरती रक्कम ठेवून उरलेल्या पैशावर पाणी सोडावयाचे. विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती सांभाळावी की स्वतःच्या घामाचे मोल घ्यावे, हा पेच लहान नव्हता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रीस ब्रँटमायर या खेळाडूने २०२४ साली याच नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि हौशीपणा म्हणजे नेमके काय, हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

एके काळी विद्यापीठात जाणे म्हणजे मोठ्या टेनिसचा नाद सोडणे, असा समज रूढ होता. तो खोडून काढण्यात एका भारतीयाचाही वाटा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सोमदेव देववर्मनने २००७ साली अमेरिकेच्या महाविद्यालयीन एकेरीच्या अंतिम सामन्यात जॉन इस्नरला हरविले आणि २००८ सालीही तेच विजेतेपद राखले. पदवीनंतर तो व्यावसायिक स्पर्धांकडे वळला; २००९ च्या आरंभी चेन्नईच्या स्पर्धेत त्याने अंतिम फेरी गाठली आणि २०११ साली तो क्रमवारीत ६२ व्या स्थानी पोहोचला. हरलेला इस्नरही मागे राहिला नाही. २०१० साली विंबल्डनवर तीन दिवस चाललेला, ११ तास ५ मिनिटांचा सामना जिंकणारा इस्नर तो हाच. पुढे २०२२ चा महाविद्यालयीन विजेता बेन शेल्टन अमेरिकेच्या अग्रगण्य खेळाडूंत जाऊन बसला.

महाराष्ट्रालाही ही वाट अपरिचित नाही. पुण्याचा अर्जुन काढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून आणि ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठातून पुढे आली. ऋतुजाने लहान स्पर्धांची ही पायपीट वर्षानुवर्षे केली, आणि २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले. अर्जुनने २०२४ साली अल्माटी येथे रित्विक बोल्लीपल्लीसह दुहेरीचे विजेतेपद मिळविले.

असे यश थोड्यांच्याच वाट्याला येते, हे खरे. बहुतेकांची वाटचाल दोनचार वर्षांनी याच पायरीवर थांबते. परंतु विद्यापीठातून आलेल्या खेळाडूला परतावयास एक दार उघडे असते. त्याच्या हाती पदवी असते. सतराव्या वर्षी शाळा सोडून केवळ रॅकेटवर आयुष्य टांगणाऱ्याला हा आधार लाभत नाही. आणि ज्याला हरल्यावरही घर आहे, तो कित्येकदा अधिक निर्भयपणे खेळतो. कुंपणापाशी दोनच प्रेक्षक असताना निर्णायक गुणाला चेंडू रेषेवर मारण्याचे धैर्य त्याला कदाचित याच निश्चिंतीतून लाभत असावे.