हातातील विद्या
सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण



3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगड किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. दुकानात कापडाचे तागे भिजलेले आणि आम्हा सर्वांचे डोळे वायरमनच्या वाटेकडे! तेव्हा मला माझेच शब्द आठवले. नात्यातील एका मुलाला वीजतंत्री व्हायचे होते. ‘व्यापाऱ्याच्या मुलाने खांबावर चढायचे का?’ असे म्हणून मीच त्याला परावृत्त केले होते. आजही तो स्थिर उद्योगाविना आहे.

दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये महावितरण किंवा थळच्या आरसीएफसारख्या ठिकाणी उमेदवारी करता येते. तेथे शिकताना दरमहा विद्यावेतन मिळते. कायदा नोकरीची हमी देत नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. परंतु हाती आलेले कौशल्य कोणी काढून घेत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आपण साहाय्य करतो, तसेच आयटीआयच्या मुलामुलींनाही करावे, ही विश्वस्तांना नम्र विनंती. माझ्याकडून झालेली चूक आपल्या घरी होऊ नये, एवढेच मागणे.