लगाम हलका हवा



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि घोड्यावर मी कधी बसलेली नाही. पण माझी भाची घोडेस्वारी शिकते. तिच्याकडून ऐकले ते आपल्यापुढे ठेवते.

ड्रेसेज म्हणजे घोड्याला नुसत्या इशाऱ्यावर नेमके चालवणे. त्यात ओढाताण नाही. स्वाराने ताठ पण सैल बसावे, पोटरीने हलके दाबावे, आणि घोड्याने ऐकले की दाब त्याच क्षणी सोडावा. ती सुटका हेच घोड्याचे बक्षीस. दाब सोडलाच नाही तर घोडा पुढे दाद देईनासा होतो. साध्या स्वारानेही चाल, दुडकी, थांबणे यांचा असा रोज थोडा सराव करावा.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय १९४४ साली पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर चढाउतरायला त्यांना मदत लागे. तरी केवळ बैठकीच्या तोलावर ज्युबिली घोडीला चालवून त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. या स्पर्धेत बायकांना प्रवेश मिळाला तोही त्याच वर्षी!

तेव्हा भगिनींनो, आपल्या कोणा मुलीने घोड्यावर बसायचा हट्ट धरला, तर "तुला झेपायचे नाही" असे म्हणू नका.